दुसरी गाठ

अंबाजोगाईच्या मेडिकलला, फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये
इसाकमामू ड्रमवर काजळी धरायचे.
चकचकीत कागद, खाली घासलेटची भगभगती वात,
मनगटाचा संथ फेर,
कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही.
म्हणायचे, "बेडूक लिहिणार हाय, पोरी.
पाटी बरी पाहिजे."

हरभऱ्याच्या घाट्याएवढं काळीज, मिठाच्या पाण्यात.
मेंदू नाही, नस नाही, रक्तसुद्धा नाही
आणि टकटक चालूच.
मी विचारलं, सांगतं कोण याला?
मामूंनी चिमट्याच्या टोकानं
मागची फिकट पिशवी दाखवली.
"हितून निघतंय. कुणी न सांगता निघतंय."

पायाच्या स्नायूला झटक्यावर झटके दिले
की तो वळतो, ताठ होऊन बसतो.
काळजाला ते जमत नाही.
दर ठोक्यानंतर ते जरासं बहिरं होतं,
तेवढ्यात सैल पडतं, भरून घेतं.
पेशी एकमेकींत बोटं गुंतवून बसलेल्या:
एकीला कळलं की सगळ्या जणी आवळतात.
आणि वरून आलेली वीज
मधल्या उंबऱ्यावर थोडी थांबते,
वरचा कप्पा रिता होईतो.

मग मामूंनी दोरा घेतला.
पहिली गाठ पिशवीच्या खाली.
पिशवी उडत राहिली, खालचं सगळं गप्प.
काजळीवर सरळ पांढरी रेघ,
वर्गात कुणी खोकललंही नाही.
दुसरी गाठ दोन कप्प्यांच्या मधल्या खाचेत.
बराच वेळ काहीच नाही.
मग खालचा कप्पा
आपल्याआपण,
सावकाश,
एक.
पुन्हा एक.

"बघ, बोलायलंय," मामू म्हणाले.
"कुणाची वाट बघावी त्येच कळंना,
मग लागलं आपलं चालू."

एकतीस वर्षांनी, मे महिन्यात, दुपारी अडीचला
त्यांचा जावई त्यांना घेऊन आला मंडी बाजारातून.
पंक्चरच्या दुकानात बसल्या बसल्या
डोळ्यापुढं अंधारी, कपाळाला खोक.
नाडी चौतीस.
छातीवर जेल लावताना मामू म्हणाले,
"गार हाय. बेडकाला असंच वाटत असंल."

गुलाबी चौकटींच्या पट्टीवर
लहान लाटा आपल्या चालीनं, सारख्या अंतरावर,
मोठ्या लाटा आपल्या चालीनं, लांब लांब.
शेजारी राहून ओळख नसलेल्या.
मी लातूरला फोन लावला: बॅटरी बसवायची आहे, आजच.

मामूंनी पट्टी मागून घेतली.
चष्मा कपाळावर सरकवून
नखानं एक एक लाट मोजली.
"दुसरी गाठ," म्हणाले.
मी मान हलवली.
मग बोट कागदावर घासून पाहिलं,
पूर्वी काजळी पाहायचे तसं.

"पोरी, ह्यो कागद टिकत न्हाई.
वर्षा-दोन वर्षात पुसून जातंय समदं.
आपण लाखेत बुडवून वाळत घालायचो, आठवतंय?"

बाहेर अँब्युलन्स रिव्हर्स घेत होती.
मी पट्टीची झेरॉक्स काढायला पाठवली.