रिकाम्या नळ्या

ब्रॉन्क्समध्ये आमच्या खिडक्या
भर जानेवारीत सताड उघड्या.
आत रेडिएटर रटरटायचे, बाहेर बर्फ,
आणि आम्ही पदरचं तेल जाळून
रस्त्याला शेक देत बसायचो.

परवा बॉयलर निघाला.
अग्रोननं तो कापला, तुकडे जिन्यानं वर आणले,
पायरीगणिक एक अल्बेनियन शिवी.
आता भिंतीत पंप. गार हवेतूनच ऊब पिळून काढतो म्हणे;
पटत नाही, पण पाय गरम आहेत.

गच्चीवरच्या धुराड्यावर कबूतर
सारखं जागा बदलतंय.

पाचव्या मजल्यावरच्या इवेलिसबाई
वाफ हवी की चमच्यानं नळी ठोकायच्या, चाळीस वर्षं.
काल रात्री ठोकली. सवयीनं.
बराच वेळ काही नाही.
मग तळघरातून
पान्याचे दोन टोले.