पदराची गाठ

सवळजच्या शेडवर मी बेदाणा निवडते.
काडी वेगळी, काळा वेगळा, हिरवा लांबडा वेगळा.
सुटीच्या वेळी मुकादम बघून न बघितल्यासारखं करतो
आणि मूठभर माल पदराच्या गाठीतनं घरी येतो.
चोरी म्हणा. रेश्मा मुल्ला त्याला वानोळा म्हणते.

मुठीचे वाटे तीन :
तनू, तिचा बाप,
आणि उंबऱ्यावर शेपूट आपटणारा चमन.
माणिकचमनच्या बांधावर सापडला,
म्हणून तेच नाव.

मंगळवारी तनूचा पेपर. तिनं नको म्हटलं,
तिचा वाटापण त्यालाच घातला.
रात्रीत तीनदा ओकला.
फरशीवर बेदाणे
फुगून परत द्राक्षं झालेले.

"काय खायला घातलं?" डॉक्टर मगदूम.
"वाईट काय नाही घातलं. एक्स्पोर्टचा माल."
ते हसले नाहीत.
सलाईनची बाटली अडकवत म्हणाले,
"कुत्र्याची मूत्रपिंडं जातात यानं. द्राक्षानंसुद्धा.
रोजचं काय खातो?"

आमच्या ताटातलंच, मी ताठ मानेनं सांगितलं.
कांदा-लसूण चटणी लावल्याबिगर
भाकरीला तोंड लावत नाही.
वाढदिवसाला तनू तिचं चॉकलेट अर्धं देते.

त्यांनी पावतीच्या पाठीमागं लिहून दिलं.
कांदा. लसूण. द्राक्ष. बेदाणा. चॉकलेट.
वाण्याकडं न्यायची चिठ्ठी वाटावी तशी.
आमचं अख्खं घर त्याच्यात होतं.

चार दिवस. चार खाडे.
चौथ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर
त्यानं तंगडी वर केली
आणि मी फोनवर ओरडले, "तनू, मुतला गं!"
कंपाउंडर तोंड फिरवून हसला.

आता त्याची भाकरी अळणी, वेगळ्या जर्मनच्या भांड्यात.
हुंगतो. मग माझ्याकडं बघतो,
मी काय गुन्हा केला, असं.
याला कुणी सांगायचं?
मी पाठ करून जेवते.

शेडच्या फाटकाशी आता गाठ सोडते,
मूठ रेश्माच्या डब्यात जाते,
पदर दोनदा झटकते, हात धुते, चूळ भरते.
तरी घरी आल्यावर तो
पदराच्या त्याच कोपऱ्याला नाक लावून
बराच वेळ उभा राहतो.
मीपण हलत नाही.