तेविसावी गाठ

दोर ओलाच होता, आईने मांडीवर टाकला तेव्हा.
तालुव्याचा ताफा कुठे वळवायचा हे सांगणाऱ्या
बावीस बायका, बावीस गाठी.
अंधारात बोटांनीच वाचायच्या.

नुमारीची घट्ट, ऐन वादळात बांधलेली.
तिच्या लेकीची ढिली. हसत असावी.
आणि ही शेवटची, वेडीवाकडी,
हिच्यावर माझं बोट अडतं.

"ही तुझी?"
"हो. सात होड्या मी खडकांवर नेल्या.
तुझा बाप चौथ्या होडीत होता."

मी नख घातलं. तिने हात धरला.
"राहू दे. पुढचीला लागेल."

बाहेर शंख वाजला. वल्ही घेऊन पुरुष
गुडघाभर पाण्यात उभे, माझ्याकडे बघत.

आणि मला तर अजून
बोट लागते.