पिकाचा रकाना

चोपड्याच्या तहसिलीत सतरा वर्षं
मी लिहितोय: उडीद, मूग, चवळी,
शून्य हेक्टर चाळीस आर.
टेबलाखाली पाय, निकाली फायलींसारखे.
अकराला कचोरी, चारला कचोरी,
शर्टाचं चौथं बटण रोज हुज्जत घालतं.

शुगरचा रिपोर्ट आला.
आवक-जावकच्या झोपेबाई
(आडनावच तसं, पण दर तासाला
जिना उतरून येणाऱ्या त्या एकट्याच)
काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी डबा सरकवला:
कळण्याची भाकरी, तेल-ठेचा,
वाटीत मोडाची मटकी.
“चाऊन खा भो. फाईल नाही ही,
पुढं ढकलायला.”

पहिल्या आठवड्यात पोट बोललं,
ऐन सुनावणीत, साहेबांसमोर.
वाटणीवरून भांडणारे दोघे भाऊ
पहिल्यांदाच एकत्र हसले.

आता रात्री ओल्या फडक्यात मूग बांधतो.
सकाळी गाठ सोडावी
तर शेपट्या फुटलेल्या,
अंधारात, कुणाच्या सहीशिवाय.

बटण अजून भांडतंच.
पण काल रकान्यात ‘मूग’ लिहिताना
दाढेत अडकलेला एक दाणा
कचकन फुटला,
हिरवा, किंचित तुरट,
आणि मी उठलो खुर्चीतून,
काम नसताना,
खिडकीपर्यंत.