रविवारचं जेवण, रिबनिक

किंगा घरी आली की चौथ्या खुर्चीत
हवाच येऊन बसते.
मांसाची गुंडाळी तिला नको. गाईचा हिशेब सांगते,
तळघरातल्या भट्टीचा सांगते,
आणि आलोइझीच्या त्या एकुलत्या एक क्रोएशियाच्या विमानाचा,
ज्याचं तिकीट अजून काढलेलंही नाही.

हा बत्तीस वर्षं जमिनीखाली होता.
पेन्शनीसोबत कोळसा येतो अजून,
अंगणात ओततात, मीच झाडते.
"श्वास सोडला तरी तोच वायू ना?" हा म्हणतो,
"बरं, नाही सोडत."
आणि गाल फुगवून बसतो, भुवया वर,
वर्गात उभं केलेल्या पोरासारखा.

मी मोजते.
नऊवर खोकला फुटतो.
जांभळ्या कोबीवर, मिठाच्या डबीवर,
थांबतच नाही.
किंगा धावत जाऊन यंत्र लावते,
नळी त्याच्या नाकाशी धरते.
यंत्र घरघरतं.
त्याला वीज कुठून येते ते तिला ठाऊक आहे. मलाही.
विषय कोणीच काढला नाही.

मग बशा विसळल्या.
हीट पंपाचे कागद तिने फडताळावर ठेवले,
त्याने त्यांच्यावर चष्मा ठेवला.

रात्री गारठा फार होता.
तळघरात फावडं खरडल्याचा आवाज आला.
हा तर शेजारी घोरत होता.

सकाळी तिच्या पांढऱ्या स्वेटरच्या बाहीवर
कोपरापर्यंत काळं.
मी काही विचारलं नाही.
धुतला,
ती नेहमी बजावते तसा,
थंड पाण्यात.