जादा बाब

निविदेत लिहिलं होतं:
मुरूम, साडेतीन मीटर. त्याखाली कठीण खडक.
करपरेच्या काठानं निविदा वाचलेली नव्हती.
साडेतीनला काळी माती, पाचला काळी माती,
सहाच्या पुढं पोकलेनचा हात पुरेना.

तिडकेसाहेब खड्ड्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले,
"जा की अजून खाली. खडक कुठं पळून जायलाय?"
हे वाक्य मी त्याच संध्याकाळी साइटच्या वहीत लिहिलं,
तारीख घातली, वेळसुद्धा घातली.
सही तेवढी राहिली.
साहेबांची जीप सुरूच होती.

खडक लागला तेव्हा मुकादम इलियासमामूनं
अंबाडीचा दोर आत सोडला,
हाताहातावर गाठ मारलेला. अठरा गाठी भिजल्या.
पंप बंद पडायच्या आत, रातोरात, काँक्रीट ओतलं.
ओतलं म्हणजे काय,
पुरावाच पुरला.

पुढं सगळं कागदाचं.
कलम सांगतं, पंधरा दिवसांत लेखी कळवावे.
आमचं पत्र पोचलं एकोणिसाव्या दिवशी.
टायपिंगवाल्याच्या पुतणीचं लग्न होतं सेलूला.
हे कोणत्या कलमात बसवू?

परभणीत सुनावणी. तिडके बदलून गेलेले.
खुर्चीत गुट्टेबाई, चष्मा कपाळावर.
मी टेबलावर मांडलं: पंपाच्या डिझेलची वही,
चार फोटो, त्यातला एक माझ्याच बोटाचा,
आणि दोर.
टेपनं आठ मीटर दहा.

बाईंनी दोर हातात घेतला, जरा पिळून पाहिला.
"पाण्यात सोडला होता ना?
माझे वडील विहिरी खोदायचे.
अंबाडी वाळली की लांबते.
शिंदे, बादली आणा."

अर्धा तास आम्ही दोघी
बादलीतल्या दोराकडं बघत बसलो.
उग्र वास सुटला. कुणीच काही बोललं नाही.
मग पुन्हा टेप.
"सात पासष्ट. मान्य?"
मी मान्य म्हटलं.
तो कमी झालेला हातभर खड्डा
मी मालकाला अजून सांगितलेला नाही.

उशिराच्या चार दिवसांवर बाईंनी लिहिलं,
'खड्डा तोवर बुजला नव्हता असे गृहीत धरावे.'
हे खोटं होतं की दयाळू, मला ठरवता आलं नाही.

प्रस्ताव वर गेला. वरून शेरा:
'सदर दोर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत
तपासल्याचे प्रमाणपत्र जोडावे.'

पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जायलेत कधीचे.
इलियासमामूचा जिंतूरहून फोन येतो,
"बाई, बिलाचं राहू द्या.
दोर कधी देता?
इथं बी माती संपंना."