सेकंडचा माल

पेट्रोल आपलं, आणि धुऊन परत द्यायची,
या बोलीवर भाच्याची ओम्नी मिळाली.
अशोक चौकातून निघालो तेव्हा साडेपाच,
चहावाल्याच्या स्टोव्हला नुकता कंठ फुटत होता.
नागमणीच्या मांडीवर पुलिहोऱ्याचा डबा,
पायाशी सुतळीनं बांधलेली जुनी चादर.
ती कशाला, मी विचारलं नाही.
डावा कान मागांनी खाल्लाय माझा
आणि गाडीत बायको डावीकडेच बसते.

एकोणतीस वर्षं पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
एक भोक, एक धागा वर.
भोक नाही, धागा खाली.
डिझाइन नंबर दोनशे चौदा:
दोन डोंगर, मधे तळं, तळ्यात हंसांची जोडी.
शेठनं कुठल्याशा देशाचं कॅलेंडर आणलेलं,
मी ते चौकटीच्या कागदावर मोजून उतरवलं.
नुसतं तळंच एकशे अठ्ठ्याऐंशी पुठ्ठ्यांचं.
लग्नाला तेव्हा चार महिने.
असं खरंच असतं का हो, तिनं विचारलं होतं.
म्हटलं, जाऊ की एकदा.

गेल्या दसऱ्याला कारखाना मिटला.
पुठ्ठे किलोवर गेले, दोनशे चौदासुद्धा.
रद्दीवाल्यानं तराजूत पाय देऊन दाबले.

वडाळ्याला पंक्चर.
तिथल्या पोरानंच सांगितलं,
वैरागच्या पुढं डोंगराला लागा,
डांबर संपलं की विचारत जावा.
ज्वारी पोटरीत आलेली, दोन्ही अंगांनी.
नागमणी काहीतरी बोलत होती,
मी आरशात तिचे ओठ वाचायला बघितले
आणि गाडी खड्ड्यात घातली.
मग ती हसली. ते ऐकू आलं.

डांबर संपलं. विचारायला कुणी नव्हतं.
शेवटचा चढ ओम्नीनं पहिल्या गिअरवर,
म्हातारीसारखा, गुडघ्यावर हात ठेवून चढला.

तळं म्हणजे, आता काय सांगू,
कुणीतरी बांध घालून अडवलेली ओंजळ.
बाभळी. निळा पाइप. जळकी मोटार.
चिखलात म्हशींच्या खुरांचे खड्डे,
प्रत्येकात थोडं थोडं वेगळं आभाळ.
डोंगर मात्र दोनच होते.
तेवढं जुळलं.

नीळ्ळु, ती म्हणाली. पाणी.
रस्ताभर मराठीत बोललेली बाई
काठाशी येऊन तिच्या आईच्या भाषेत गेली.
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं
पाण्यात घातली, बराच वेळ काढली नाहीत.

मग तिनं सुतळी सोडली.
दोनशे चौदा. बांधाच्या गवतावर.
तळ्याशेजारी तळं,
आणि आम्ही दोघं त्याच्या मधोमध,
पुलिहोरा खात, कडीपत्ता बाजूला काढत.

शेळ्यामागची एक पोर आली,
चादरीभोवती एक चक्कर मारली.
ह्यो कसला बगळा?
हंस आहे, मी म्हटलं.
ह्याला डोळा न्हाई, ती म्हणाली,
आणि एक शेळी पाण्याकडं गेली म्हणून पळाली.

एक भोक राहून गेलं होतं माझ्याकडून.
चाळीस चादरी तशाच निघाल्या,
शेठनं पगारातून कापल्या.
त्यातलीच ही. घरी आणली तेव्हा
सांगितलं होतं, बोनस मिळाला.
मी नागमणीकडं बघितलं.
ती डब्याचं झाकण लावत होती.
माहितीय, म्हणाली. पहिल्या धुण्यापासून.

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही.
भिंतीपलीकडं माग, अलीकडं माग,
मीठ मागायचं तरी ओरडून.
एवंडी! तिनं सवयीनं हाक मारली
आणि समोरच्या डोंगरानं ती परत दिली.
ती दचकली. स्वतःचाच आवाज
असा रिकामा, धुतलेला, तिनं कधी ऐकला नसावा.
मग ती डाव्या बाजूनंच
माझ्या कानाला लागून काही बोलली,
अगदी हळू, श्वासाएवढं.

मला फक्त ऊब कळली.
कानात माग चालूच होते, रिकामे, बिनधाग्याचे.
काय म्हणालीस, असं विचारलं असतं
तर तिला ओरडून सांगावं लागलं असतं.

हो, म्हटलं मी.
आणि ती एवढी खूश झाली, की आता
घरी पोचेपर्यंत मला शोधून काढायचंय
मी कशाला हो म्हटलंय.